घरी बांधलेली हॉट रॉड सरळ चालवायची तर आधी कॅस्टर, मग टो

पन्नास मैलांच्या वर गेलं की गाडी भटकायला लागते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि दोन्ही हातांनी तिला सांभाळत बसायचं. जुन्या फोर्डवर बांधलेल्या हॉट रॉडची (जुनी गाडी बदलून बनवलेली वेगवान गाडी) ही नेहमीची तक्रार. मग माणूस गाडीखाली शिरतो आणि थेट टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारी दांडी, फिरवतो. कॅलिफोर्नियातल्या आमच्या गॅरेजात मीही दोन शनिवार हेच केलं. टो, म्हणजे वरून पाहता पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, पाच वेळा बदलला, गाडी होती तशीच. शेवटी कॅस्टर मोजला, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचा मागे कललेला कोन, तर जेमतेम दोन अंश!

इथे १९३२ च्या फोर्डवर बांधलेल्या हॉट रॉडची नेहमीची पुढची रचना धरली आहे: एकसंध आय-बीम अ‍ॅक्सल, वर आडवा पाटा, अ‍ॅक्सलपासून मागे चासीकडे जाणारे, केसांच्या पिनेसारखे दुहेरी हेअरपिन रॉड. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचं आत-बाहेर झुकणं, अ‍ॅक्सलच्या घडणीतच असतो. तो वाकवायचं काम घरी करू नका. आपल्या हातात उरतात कॅस्टर आणि टो.

मापं घ्यायची ती गाडी पूर्ण झाल्यावरच: इंजिन, बॉनेट, टाकीत पेट्रोल, सीटवर कोणीतरी बसलेलं आणि शेवटचे टायर चढवलेले. सपाट फरशी, दोन्ही बाजूंना सारखी हवा. मागे मोठे टायर घातले की चासी नाकावर झुकते, आणि ती जितके अंश झुकते तितका कॅस्टर कमी होतो. माझे अंश तिथेच गेले होते. नुसती चासी स्टँडवर ठेवून मोजलेला आकडा म्हणूनच कामाचा नाही.

आता पुढची बाजू जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन झिजलेली. ही दुरुस्ती आधी, कारण खिळखिळ्या भागांवर घेतलेलं माप दर वेळी वेगळं येतं.

मग अ‍ॅक्सल काटकोनात आहे का पाहा. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना सारख्याच जागांवरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा. डावं आणि उजवं अंतर सारखं हवं (१९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच), आणि तिरकी दोन्ही मापंही. फरक असेल तर त्या बाजूच्या हेअरपिनचे वरचे-खालचे दोन्ही क्लेव्हिस (अ‍ॅक्सलला जोडणारी, आट्यांवर आत-बाहेर होणारी टोकं) सारखेच फिरवा, म्हणजे कॅस्टर न बदलता अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकेल.

आता कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, हात सोडले तरी ती सरळ जाते त्याचं हे एक कारण. किंगपिनचं वरचं टोक तसंच मागे कललेलं हवं, पाच ते सात अंश. चाकं सरळ ठेवून किंगपिनच्या बॉसच्या (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, किंगपिन बसते तो जाड भाग) सपाट माथ्यावर कोनमापक पुढे-मागे दिशेत ठेवा आणि वाचा. कमी भरला तर वरचा क्लेव्हिस आत घ्या. आटे इंचाला १८ आणि दोन क्लेव्हिसमध्ये साडेचार इंच अंतर असेल, तर एका पूर्ण फेऱ्याला साधारण ०.७ अंश मिळतो. दोन्ही बाजूंना तेवढेच फेरे. आय-बीम थोडा पिळवटून फरक सोसतो. नळीचा अ‍ॅक्सल सोसत नाही, म्हणून त्याला हेअरपिनऐवजी चार सुट्या दांड्यांची रचना देतात. (आपल्याकडच्या जुन्या जीपला हेच काम पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालून होतं.) कॅस्टर फार वाढवला तर स्टिअरिंग जड होतं आणि चाकं थरथरू लागतात.

कॅस्टर बसल्यावरच टो. चाक फिरवत टायरच्या मधल्या पट्ट्याला खडू फासा. ठोकळ्यात ठोकलेला खिळा टेकवून चाक पुन्हा फिरवा, बारीक रेघ उमटते. गाडी खाली घ्या आणि चार-पाच फूट पुढे ढकला, म्हणजे टायर सैलावतात. हबच्या उंचीवर रेघ ते रेघ अंतर पुढून घ्या, मग मागून. पुढचं दीड ते तीन मिलिमीटरने कमी हवं. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. दोन्ही चेकनट सैल करून नळी फिरवा, गाडी पुन्हा ढकला, पुन्हा मोजा.

स्टिअरिंग व्हील वाकडं राहिलं तर टाय रॉडला हात लावू नका. स्टिअरिंग बॉक्सचे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे फेरे मोजून निम्म्यावर थांबा आणि ड्रॅग लिंकची, म्हणजे बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची, लांबी जुळवा. ही लिंक आडवी जात असेल तर पॅनहार्ड रॉड (चासी आणि अ‍ॅक्सल आडवं बांधून ठेवणारी दांडी) आहे ना बघा. नसेल तर व्हील फिरवताच आधी चासीच पाट्याच्या शॅकलवर (पाट्याच्या टोकांच्या झुलत्या कड्यांवर) बाजूला सरकते, चाकं नंतर वळतात. हा दोष कितीही अलाइनमेंट केलं तरी जात नाही.

सगळे चेकनट आवळा, स्प्लिट पिना घाला आणि रिकाम्या रस्त्यावर तीस मैलांनी सुरुवात करा. वळणानंतर व्हील स्वतःहून परत यायला हवं. अमेरिकेत रस्त्याचा उतार उजवीकडे असतो, त्यामुळे गाडी किंचित उजवीकडे जाणारच. जास्त खेचली तर पाना उचलण्याआधी पुढचे टायर डावे-उजवे बदला. खेच बाजू बदलली, तर दोष टायरचा.