गॅस गिझर बसवताना आणि पहिल्यांदा पेटवताना या चुका टाळा

हिवाळा आला की बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कुणीतरी दगावल्याची बातमी येते, आणि तिच्या मथळ्यात बरेचदा ‘गॅसगळती’ असं छापलेलं असतं. त्या शब्दामुळे लोकांचं लक्ष भलतीकडे जातं. घरोघरी नळी तपासली जाते, वास येतो का पाहिलं जातं, आणि वास नाही म्हणजे धोका नाही असं समजून आंघोळी सुरू राहतात. अशा अपघातांत पुष्कळदा गळती नसतेच. गिझर व्यवस्थित पेटलेला असतो, गरम पाणी येत असतं आणि जीव घेतो तो ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, आणि गॅस जळताना तेही जळून जातं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गिझर बाथरूमच्या आत बसवणं.

हिशेब करून पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा नेहमीचा गिझर पूर्ण जोरावर ताशी साधारण ९०० ग्रॅम एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत या गिझरला जवळपास १,८०० लिटर हवा हवी. आपल्या फ्लॅटमधलं चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात सगळी मिळून ५,४०० लिटर हवा मावते. खिडकी लावलेली आणि दार बंद असेल तर एका आंघोळीत तिथल्या एक तृतीयांश हवेतला प्राणवायू संपेल. ज्योत त्याच्या कितीतरी आधी बिघडते. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या खाली गेला की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. रविवारी सकाळी एकापाठोपाठ एक आंघोळी होतात तेव्हा पहिल्याला काही होत नाही, आणि तिसरा चक्कर येऊन पडतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतली ताकद जाते. कडी हाताच्या अंतरावर असूनही माणूस ती काढू शकत नाही. बाथरूममध्ये गिझर चालू असताना झटका येऊन पडलेल्यांवर आधी फिट्स समजून उपचार झाल्याची उदाहरणंही भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

‘आमच्या गिझरला २० मिनिटांचा टायमर आहे’ असं लोक विश्वासाने सांगतात. वरचा हिशेब पाहता बंद बाथरूममध्ये २० मिनिटं म्हणजे फार उशीर. शिवाय टायमरने बंद पडलेला गिझर नळ बंद करून उघडला की पुन्हा पेटतो. आयएसआय चिन्ह हवंच, प्राणवायू कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असेल तर उत्तमच. पण गिझर कुठे टांगला आहे आणि त्याचा धूर कुठे जातो, याला या दोन्हींपैकी काहीच पर्याय नाही.

आता दुसरी चूक, जी जागरूक घरांतही दिसते. गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत लावला जातो आणि दोन वर्षांनी पावसाचं पाणी येतं म्हणून तीच बाल्कनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद केली जाते. झालं, ती आता खोली झाली. काचा बसवायच्याच असतील तर वर आणि खाली कायम उघडी राहणारी जाळी ठेवा. सरकवून बंद करता येते ती खिडकी यात धरू नका, कारण थंडीत ती बंदच असणार.

बिल्डिंगच्या डक्टमध्ये धूर सोडणं हीसुद्धा तशीच घातक सवय. त्या डक्टमध्ये वरच्या आणि खालच्या सगळ्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. वरून पत्रा टाकून डक्ट झाकलेला असेल तर तुमच्या गिझरचा धूर दुसऱ्याच्या बाथरूममध्ये शिरणार. सोसायटीने हा विषय सभेत घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

धुराचा पाइप बसवताना तो गिझरमधून निघाल्यावर आधी सरळ वर जायला हवा, मग बाहेर. लांबलचक आडवा, मध्ये लोंबलेला पाइप धूर ओढत नाही. पाइपचं बाहेरचं तोंड खिडकीच्या शेजारी नको, आणि त्याला टोपी व जाळी हवी. मुंबई-पुण्यात कबुतरं तिथे काड्या आणून भरतात.

एक गोष्ट प्लंबर सहसा सांगत नाहीत. गिझर असलेल्या जागेला लागून एक्झॉस्ट फॅन किंवा स्वयंपाकघरातली चिमणी चालू असेल, तर ती घरातली हवा इतकी ओढते की गिझरचा धूर उलटा आत येतो. हे घरी तपासता येतं. गळती नाही याची खात्री झाल्यावर दारं-खिडक्या लावा, फॅन आणि चिमणी चालू करा, गिझर पाच मिनिटं चालवा आणि त्याच्या वरच्या मोकळ्या फटीजवळ पेटलेली उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर त्या फटीत ओढला गेला तर ठीक. तो तुमच्याकडे वळला तर गिझर लगेच बंद करा, खिडक्या उघडा, आणि पाइपची रचना बदलल्याशिवाय गिझर वापरू नका.

गॅस कोणता, याकडे दुर्लक्ष होतं ते घरात पाइपचा गॅस आल्यावर. एलपीजी आणि पाइपने येणारा पीएनजी यांच्यासाठी जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीची, भोकं वेगळी असतात, कारण तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पीएनजीच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. पीएनजीचा गिझर सिलिंडरला जोडला तर भरमसाठ गॅस येतो, ज्योत पिवळी होऊन काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. उलट जोडणीत ज्योत अशक्त राहते. मग कुणीतरी जेटला ड्रिल मारून भोक मोठं करून देतो. हे अजिबात करू देऊ नका. कंपनीचा जेट-संच मिळत असेल तर तो कंपनीच्याच माणसाकडून बसवून घ्या, नाहीतर पीएनजीचा गिझर विकत घ्या. पीएनजीची जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच व्हायला हवी.

सिलिंडर असेल तर रेग्युलेटर घरगुतीच हवा. भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा नको. नळी आयएसआय चिन्हाची, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून ओवलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. अंतर जास्त असेल तर तांब्याचा पाइप घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला की जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडर मोरीजवळ किंवा खोलगट जागी ठेवू नका.

पहिल्यांदा पेटवताना घाई नको. आधी पाणी सोडा आणि गरम पाण्याच्या नळातून हवेचे फुगे थांबून एकसंध धार येईपर्यंत वाहू द्या. मग नळ बंद करून गॅस उघडा आणि रेग्युलेटरपासून गिझरपर्यंतच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा. फुगा वाढला तर गळती आहे. काडी पेटवून कधीच पाहू नका. सगळं कोरडं पुसल्यावरच सेल घाला, आणि दोन्ही नवे घाला. आता नळ उघडा. पाइपात हवा असल्याने पहिल्या एक-दोन वेळा नुसती टकटक होईल, ज्योत येणार नाही. नळ बंद करून थोडं थांबा, पुन्हा उघडा. गॅसचा वास यायला लागला तर मात्र थांबा, गॅस बंद करा आणि जागा हवेशीर होऊ द्या. भडका उडतो तो साचलेला गॅस उशिरा पेटल्यामुळे.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. नळ बंद केल्याबरोबर ती विझायला हवी. ही चाचणी तीन-चारदा करा. पाणी थांबूनही ज्योत चालू राहिली तर वॉटर व्हॉल्व्हची पिन किंवा मायक्रोस्विच अडकलेला आहे. अशा वेळी कॉइलमधल्या, म्हणजे ज्या वळवलेल्या नळीत पाणी तापतं तिच्यातल्या, पाण्याची वाफ होते, म्हणून गॅस लगेच बंद करा.

नंतरच्या तक्रारींपैकी ‘पेटतच नाही’ ही सगळ्यात जास्त ऐकू येते. आधी सेल बदलून पाहा. मग पाण्याच्या आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा, तिथे टाकीतली वाळू अडकते. वरच्या मजल्यावर टाकी अगदी डोक्यावर असेल तर दाब पुरत नाही, कारण दहा मीटर उंचीला एक बार या हिशेबाने तीन मीटरला जेमतेम ०.३ बार मिळतो. तिथे कमी दाबावर चालणारा गिझर किंवा छोटा पंप लागेल. व्हॉल्व्ह खोलून स्प्रिंग कापण्याचे उद्योग करू नका. पेटून लगेच विझत असेल तर ज्योत ओळखणारी तार काजळलेली किंवा सरकलेली असते. बोअरचं आणि टँकरचं पाणी असेल तर कॉइलमध्ये क्षार बसून धार बारीक होते. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, कॉइल आणि बर्नर साफ करून घ्या. पिवळी ज्योत, गिझरवर काळा डाग किंवा आंघोळीनंतर डोकेदुखी, यांतलं एकही दिसलं तर गिझर त्याच दिवशी बंद.

आणि बाथरूममधल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर वाट पाहू नका. गॅस बंद करा, दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून ‘९८ आहे, ठीक आहे’ असं समजू नका. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गॅस गिझर चालू होता.