बाळाचा दंडघेर कसा मोजावा आणि पट्टी लाल आल्यास काय करावे

कुपोषित मूल हाडकुळेच दिसते, असे आपण धरून चालतो. पण अंगावर सूज चढलेले मूल गुटगुटीत भासते आणि नेमके तेच नजरेतून सुटते. म्हणून ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचा दंड दर महिन्याला मोजावा. रंगीत पट्टी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे असते.

मुलाला आईच्या मांडीवर बसवून डाव्या हाताची बाही पूर्ण वर करावी. हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या आणि कोपराच्या टोकांच्या बरोबर मध्यावर खूण करावी, मग हात सैल सोडून खुणेवर पट्टी गुंडाळावी. सर्वाधिक चुका येथेच होतात: पट्टी आवळली तर आकडा कमी येतो, ढिली राहिली तर आजारी मूल निरोगी ठरते. ती त्वचेला सगळीकडून टेकावी, पण मांस दाबले जाऊ नये.

दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी, म्हणजे लाल आला, तर ते तीव्र कुपोषण होय, ११.५ ते १२.५ सेंमीच्या दरम्यान पिवळा, म्हणजे मध्यम. त्याहून जास्त असेल तर हिरवा, म्हणजे ठीक. त्यानंतर सूज आहे का हे पाहण्यासाठी दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहावा. दोन्हीकडे खळगा राहिला, तर पट्टी हिरवी असली तरी मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पट्टी लाल आल्यास सेविकेला लगेच कळवून आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. भूक चांगली असून ताप, जुलाब वा अन्य आजार नसेल, तर गावातील ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होऊ शकतात. अन्यथा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते, आणि त्यासाठी मजुरी बुडेल म्हणून थांबू नये, ही कळकळीची विनंती. घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये, कारण खंगलेल्या शरीराला तो भार सोसत नाही. स्तनपान मात्र चालूच ठेवावे.

पिवळ्या पट्टीच्या मुलाला अनेक घरांत वरणाचे वरचे पाणी देतात. त्याने पोट भरते, बळ येत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट वरणभात, त्यात चमचाभर तेल, सोबत अंडे किंवा शेंगदाण्याचा बारीक कूट द्यावा. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा भरवावे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. निघण्यापूर्वी आकडा आणि तारीख मुलाच्या कार्डावर लिहून घ्यावी, आणि तेथे पोहोचताच जवळच्या अंगणवाडीत ते दाखवून मुलाची नोंद करण्यास सांगावे.