प्रतिस्पर्धी क्लबात गेलेल्या स्ट्रायकरचा फॉर्म कसा तपासावा

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलता येतो तो काळ, बंद झाली की जळगावच्या कॉलेज कट्ट्यावर आणि भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाद पेटतो तो स्ट्रायकरवरून, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल करणाऱ्या खेळाडूवरून. त्यातही तो थेट वैऱ्याच्या क्लबात गेला असेल तर विचारूच नका. तीन सामने गोल नाही, की ‘संपला भो तो’. पहिल्याच सामन्यात दोन गोल, की ‘जुन्या क्लबाला त्याची किंमतच कळली नाही’. मला हे दोन्ही निकाल घाईचे वाटतात आणि खेळाडूवर अन्याय करणारेही. गोल स्ट्रायकरच्या नावावर लागतो, पण त्याआधी चेंडू तीन-चार जणांच्या पायांतून आलेला असतो. क्लब बदलला की ते तीन-चार जण बदलतात, प्रशिक्षक बदलतो, समोरची बचावफळीसुद्धा वेगळ्या पद्धतीने उभी राहते.

त्यामुळे ‘फॉर्म गेला का?’ हे ठरवण्याआधी थोडी मोजणी करावी लागते. त्यासाठी एक वही, पेन आणि मोबाइल पुरतो. सामने, मिनिटं, गोल आणि पेनल्टी हे आकडे मोठ्या लीगच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

पहिली पायरी: जुना आकडा तीन हंगामांचा घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

गोन्झालो इग्वाइन २०१६ च्या जुलैमध्ये नापोली सोडून युव्हेंटसला गेला. किंमत ९ कोटी युरो. नापोली आणि युव्हेंटस म्हणजे इटलीच्या दक्षिणेचं आणि उत्तरेचं जुनं वैर, त्यामुळे नापोलीच्या नेपल्स शहरात त्याला गद्दार ठरवलं गेलं. जाण्याआधीच्या हंगामात त्याने ३५ लीग सामन्यांत ३६ गोल केले होते. १९४९-५० पासून टिकून असलेला ३५ गोलांचा विक्रम त्याने मोडला होता. युव्हेंटसकडून पहिल्या हंगामात झाले ३८ सामन्यांत २४. छत्तिसाचे चोवीस, म्हणजे एक तृतीयांश घसरण. मथळा तयार.

आता वहीत त्याचे नापोलीचे तिन्ही हंगाम लिहा: ३२ सामन्यांत १७, ३७ सामन्यांत १८, ३५ सामन्यांत ३६. एकूण १०४ सामन्यांत ७१ गोल, म्हणजे सामन्याला ०.६८. युव्हेंटसचा पहिला हंगाम ०.६३. फरक जवळजवळ नाहीच. उलट नापोलीच्या तीनपैकी दोन हंगामांपेक्षा तो हंगाम चांगला होता.

क्लब स्ट्रायकर विकत घेतात ते बहुधा त्याच्या सगळ्यात चांगल्या हंगामानंतर. त्या हंगामात त्याची मेहनत असते, तसं थोडं नशीबही असतं: पोस्टला लागून आत गेलेला चेंडू, गोलकीपरच्या हातून सुटलेला चेंडू. पुढच्या वर्षी नशीब पुन्हा तेवढंच साथ देईल असं नसतं. ज्या वर्षी कापूस दणकून आला, त्याच वर्षीच्या उताऱ्यावर वावराचा भाव ठरवला तर घेणारा पुढच्या वर्षी जमिनीला दोष देत बसतो. इथेही तसंच होतं. म्हणून तुलना करायची ती तीन हंगामांच्या सरासरीशी, निदान दोनच्या तरी.

दुसरी पायरी: सामन्यांऐवजी मिनिटं मोजा

सामना खेळला म्हणजे ९० मिनिटं खेळला असं नाही. कार्लोस तेवेझचं उदाहरण घ्या. २००८-०९ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून २९ लीग सामन्यांत त्याचे फक्त ५ गोल होते. युनायटेडने बर्बातोव हा दुसरा स्ट्रायकर घेतल्यापासून तेवेझ बऱ्याचदा बेंचवरून उतरत होता. २००९ मध्ये तो त्याच शहरातल्या मँचेस्टर सिटीत गेला आणि पहिल्याच हंगामात ३५ सामन्यांत २३ गोल करून बसला. एका उन्हाळ्यात माणूस पाचपट चांगला होत नाही. त्याला खेळायला मिळालं.

हिशोब सोपा आहे: गोल गुणिले ९०, भागिले मिनिटं. गोलांतून पेनल्टीचे गोल आधी वजा करा, कारण साधारण चारपैकी तीन पेनल्टी आत जातात आणि ती कोण मारणार हे प्रशिक्षक ठरवतो. जुन्या क्लबात पेनल्टी मारणारा खेळाडू नव्या क्लबात ती दुसऱ्यासाठी सोडत असेल, तर त्याचे पाच-सात गोल काहीही न बिघडता कमी होतात.

तिसरी पायरी: वाट पाहा

किती? माझ्या मते निदान १,८०० मिनिटं, म्हणजे २० पूर्ण सामने. त्याआधी निकाल लिहू नका.

सामन्याला सरासरी अर्धा गोल करणारा चांगला स्ट्रायकर धरा. सलग पाच सामने त्याला गोल न मिळण्याची शक्यता सुमारे ८ टक्के निघते. ३८ सामन्यांच्या हंगामात असा कोरडा पट्टा एकदा तरी येणं अगदी नेहमीचं आहे. तो पट्टा नेमका ट्रान्सफरनंतर लगेच आला तर आपण त्याला कारण चिकटवतो: दडपण, पैसा, जुन्या चाहत्यांचे शाप.

रॉबर्ट लेवांडोव्स्की २०१४ मध्ये डॉर्टमुंडहून बायर्न म्युनिकला गेला. शेवटच्या हंगामात डॉर्टमुंडकडून ३३ सामन्यांत २० गोल, बायर्नकडून पहिल्या हंगामात ३१ सामन्यांत १७. तेव्हा ‘थोडा मंदावला’ असं म्हणता आलं असतं. पुढच्या हंगामात ३२ सामन्यांत ३०. त्यातच २२ सप्टेंबर २०१५ ला वोल्फ्सबुर्गविरुद्ध मध्यंतरानंतर बदली म्हणून उतरून त्याने ९ मिनिटांत ५ गोल केले. पहिलं वर्ष नवी पद्धत शिकण्याचं होतं.

चौथी पायरी: गोल होत नसतील तर फटके मोजा

गोल न करणारे स्ट्रायकर दोन प्रकारचे. एकाला संधी मिळतात आणि तो त्या घालवतो. दुसऱ्याला संधीच मिळत नाहीत. पहिल्याचे गोल बहुतेक वेळा परत येतात. काळजी करायची ती दुसऱ्याची.

मोठ्या लीगसाठी ‘अपेक्षित गोल’ नावाचा आकडा मिळतो, ज्याला पोरं एक्सजी म्हणतात. फटका कुठून मारला, पायाने की डोक्याने, यावरून असे फटके सरासरी किती वेळा गोल होतात ते त्यात धरलेलं असतं. तो मिळत नसेल तर हाताने करा. वहीच्या पानावर पेनल्टी बॉक्स काढा. गोलपोस्टमधलं अंतर ७.३२ मीटर, पेनल्टीची जागा ११ मीटरवर, बॉक्सची रेषा १६.५ मीटरवर. सामना पाहताना प्रत्येक फटक्याच्या जागी एक ठिपका द्या, गोल झाला तर ठिपक्याभोवती वर्तुळ काढा. पाच-सहा सामन्यांनंतर पान उघडून बघा. ठिपके गोलसमोर, पेनल्टीच्या जागेच्या आसपास असतील तर तो अजून योग्य जागी पोहोचतो आहे. ते बॉक्सबाहेर आणि कडेला सरकले असतील तर काहीतरी खरंच बदललं आहे. लक्षात ठेवा, सगळे फटके धरले तर साधारण दहातला एकच गोल होतो.

पाचवी पायरी: चेंडू त्याच्याकडे कसा येतो ते पाहा

फर्नांडो टोरेस ३१ जानेवारी २०११ ला लिव्हरपूल सोडून चेल्सीत गेला, ५ कोटी पौंडांना. तोवर ब्रिटनमधल्या क्लबाने एवढी रक्कम कुणासाठीच मोजली नव्हती. हे दोन क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये २००५ पासून पुन्हा पुन्हा एकमेकांना भिडलेले, त्यामुळे जखम खोल होती. नशिबाने त्याचा पहिला सामनाही लिव्हरपूलविरुद्धच पडला आणि चेल्सी ०-१ ने हरली. पहिला गोल यायला ९०३ मिनिटं लागली, २३ एप्रिलला वेस्ट हॅमविरुद्ध. पुढे चेल्सीकडून ११० लीग सामन्यांत २० गोल. लिव्हरपूलकडून होते १०२ सामन्यांत ६५.

ही घसरण खरी आहे, तीन हंगामांच्या सरासरीतही ती झाकत नाही. पेनल्टीनेही ती समजत नाही, कारण लिव्हरपूलमध्ये जेरार्ड आणि चेल्सीत लॅम्पार्ड पेनल्टी मारत होते. मग बघायचं ते चेंडूकडे. लिव्हरपूलमध्ये टोरेस एकटा पुढे असायचा. बचावफळीच्या मागे मोकळी जागा मिळायची आणि जेरार्डचा पास तो धावत सुटण्याच्या क्षणीच यायचा. चेल्सीत पुढे ड्रॉग्बा हा दुसरा स्ट्रायकरही होता आणि समोरचे संघ आपल्या बॉक्सजवळ गर्दी करून बसायचे. धावायला जागाच नाही, अशा ठिकाणी धावणाऱ्या माणसाला उभं केलं गेलं.

आपल्याकडे हे पावसाळ्यात समजतं. काळ्या मातीच्या मैदानावर जुलैत चिखल झाला की मोकळ्या जागेत सोडलेला थ्रू बॉल मध्येच रुतून बसतो. वेगावर खेळणारा पोरगा हतबल होतो, आणि डोक्याने, अंगाने खेळणारा अचानक हिरो ठरतो. दोघांच्याही कौशल्यात फरक पडलेला नसतो.

वहीत एवढंच लिहा: नव्या क्लबात तो एकटा पुढे आहे की जोडीने, मधे आहे की कडेला, चेंडू पायात येतो की जागेत, कडेने उंचावून येणारे क्रॉस जास्त येतात की थ्रू बॉल. जुन्या क्लबाच्या उत्तरांशी ताडून पाहा. बार्थोलोम्यू ओग्बेचेच्या आकड्यांचं कोडं अशानेच सुटतं. इंडियन सुपर लीगमध्ये केरळ ब्लास्टर्सकडून १६ सामन्यांत १५ गोल, मुंबई सिटीत २३ सामन्यांत ८, मग हैदराबादकडून २० सामन्यांत १८. मुंबईत पुढच्या जागेसाठी ॲडम ल फॉन्ड्रही होता. आणि त्याच हंगामात अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या विजयी गोलाचा पास ओग्बेचेचाच होता, जो गोलांच्या रकान्यात दिसत नाही.

सहावी पायरी: वय आणि दुखापतींची नोंद

टोरेसच्या गुडघ्यावर २०१० मध्ये दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. लिव्हरपूलच्या शेवटच्या अर्ध्या हंगामातच त्याचा वेग कमी झालेला दिसतो: २३ सामन्यांत ९ गोल, त्याआधीच्या हंगामात २२ सामन्यांत १८. म्हणजे उतार क्लब बदलण्याआधीच लागला होता. ट्रान्सफरची तारीख आणि घसरणीची तारीख वेगळी असू शकते, म्हणून शेवटच्या हंगामाचे पहिले आणि नंतरचे सामने वेगळे लिहा.

रॉबिन व्हॅन पर्सी याच्या उलट भासतो. २०१२ मध्ये तो २९ व्या वर्षी आर्सेनलहून मँचेस्टर युनायटेडला गेला. आर्सेनलच्या शेवटच्या हंगामात ३८ सामन्यांत ३० गोल, युनायटेडच्या पहिल्या हंगामात ३८ सामन्यांत २६, सोबत विजेतेपद. दोन्ही वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच. मग २१ सामन्यांत १२, मग २७ सामन्यांत १०. पण त्याची जुनी पानं उलटा: त्या ३० गोलांच्या हंगामाआधी आर्सेनलमध्ये सात हंगामांत त्याने एकदाही ३० लीग सामने पूर्ण केले नव्हते. त्याच्या निरोगी दोन वर्षांतलं दुसरं वर्ष युनायटेडला मिळालं, आणि त्या एका वर्षाने किताब दिला. सौदा फसला असं मी म्हणणार नाही.

वयाची रेषा मात्र ३० वर ठोकून बसवू नका. ओग्बेचेचे ते १८ गोल ३७ व्या वर्षीचे आहेत.

सातवी पायरी: वैराचा सामना बाजूला ठेवा

१२ सप्टेंबर २००९ ला इमॅन्युएल अडेबायोरने मँचेस्टर सिटीकडून आर्सेनलविरुद्ध गोल केला आणि अख्खं मैदान धावत जाऊन जुन्या चाहत्यांसमोर जल्लोष केला. सगळ्यांना तेवढंच आठवतं. आर्सेनलकडून आधीच्या हंगामात २६ सामन्यांत १० आणि सिटीकडून त्या हंगामात २६ सामन्यांत १४ हे फार कमी जणांना. आपल्या कोलकात्यात १३ जुलै १९९७ ला सव्वा लाखाहून जास्त लोकांसमोर बायचुंग भूतियाने ईस्ट बंगालकडून मोहन बागानविरुद्ध हॅटट्रिक केली, आणि पुढे तोच मोहन बागानच्या जर्सीतही खेळला. जुन्या क्लबाविरुद्धचे एक-दोन सामने वेगळ्या पानावर लिहा, सरासरीत त्यांना इतर सामन्यांएवढंच वजन द्या.

आपल्या मैदानावर हे कसं वापरायचं

शाळेची, कॉलेजची किंवा गल्लीची टीम सांभाळणाऱ्यांसाठी हे थोडं बदलावं लागेल. आपल्याकडे सामने बऱ्याचदा २५-२५ किंवा ३०-३० मिनिटांचे असतात, तेव्हा दर ९० ऐवजी दर ६० मिनिटांचा हिशोब ठेवा. टर्फवरच्या फाइव्ह अ साइडचे, म्हणजे पाच-पाच जणांच्या सामन्यांचे गोल अकराच्या सामन्यांत मिसळू नका. मेच्या उन्हात दुपारी खेळलेला सामना आणि सकाळी सातचा सामना यांच्यापुढे तशी खूण करा, कारण शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत ते उन्हाने.

समोरच्या टीममधला पोरगा तुमच्याकडे आला तर पहिल्या सरावालाच त्याला विचारा: तिकडे तू कुठे उभा राहायचास, तुला चेंडू कोण द्यायचं, कोणत्या पायावर द्यायचं? मग तुमच्या मिडफिल्डरला त्याच्यासोबत निदान आठवडाभर तेवढाच पास द्यायला लावा. सलग तीन-चार सामने त्याला पूर्ण वेळ खेळवा, गोल होवो न होवो, आणि ठिपक्यांचं पान कुणा राखीव खेळाडूकडे सोपवा. जिल्हा पातळीवर पहिलाच सामना त्याच्या जुन्या टीमशी पडला तर त्याला जरूर उतरवा, पण त्या दिवशी पेनल्टी मिळाली तर ती दुसऱ्याला मारू द्या, आणि हे त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.