गाडी तापतेय? आधी ती पाण्याची बाटली खाली ठेवा

मे महिन्यात खंबाटकीचा चढ चढताना एखादी तरी गाडी बॉनेट उघडून कडेला उभी दिसतेच. शेजारी पाण्याची बाटली घेतलेला, घामाघूम झालेला माणूस. मीही तसाच उभा राहिलोय. घाईघाईत रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं, झाकण अर्धं फिरवलं आणि मनगटावर वाफ घेतली. डाग अजून आहे.

त्या झाकणात स्प्रिंग असते. ती आतलं पाणी साधारण एक बार दाबाखाली धरून ठेवते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब उतरतो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. नव्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, ते कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीवर असतं, धोका तोच. अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरची वरची जाड रबरी नळी कोमट लागली, बोटांनी सहज दबली, की मग जाड फडकं धरून हळूहळू उघडा. तापल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं किंवा तडकलं, तर काही शेकड्यांचं काम हजारोंत जातं.

दुसरी चूक म्हणजे पाणी भरून पुढं निघणं. पाणी कमी झालं ते गेलं कुठं, हे कुणी विचारतच नाही. आणि कूलंट फारच कमी झालं की तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो. मग तापमानाचा काटा खाली येऊ शकतो आणि आपल्याला वाटतं, गाडी निवली!

पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: गाडी तापते केव्हा?

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळायला लागली की निवते? मग संशय रेडिएटरच्या पंख्यावर. गाडी चालू करून एसी लावा. थोड्या वेळात पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज पाहा, मग पंख्याचा रिले (त्याला वीज जोडणारा छोटा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा तिथे लावून पाहा. त्यानंतरच मोटारीकडे वळा. हात मात्र पंख्यापासून लांब. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो.

गावात ठीक, पण घाटात किंवा हायवेला तापते? मग रेडिएटर तुंबलाय, कूलंट कमी आहे किंवा पाण्याचा पंप थकलाय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत आतल्या बारीक नळ्यांना क्षार धरतो, पाण्याच्या बंबात धरतो तसाच. रेडिएटरची गळती थांबवायला त्यात हळद टाकण्याचा जुना जुगाडही याच पंगतीतला. भोक बुजतं, पण सोबत चांगल्या नळ्याही बुजतात.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर जातो आणि वरची नळी मात्र गारच? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बंद अवस्थेत अडकलाय. इथे बरेच मेस्त्री एक सल्ला देतात, 'काढूनच टाकू, आपल्याकडे थंडी कुठंय?' हा सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं. शिवाय खरा दोष दुसरीकडे असेल तर तो तसाच राहतो. तपासणी घरी होते. थर्मोस्टॅट काढा, पातेल्यात दोरीने लटकवा, पाणी तापवा. त्याच्यावर बहुधा ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळलं तरी ढिम्म, तर नवा आणा. पातेलं स्वयंपाकाचं घेऊ नका, कूलंट विषारी असतं. चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरी चाटतात, म्हणून फरशीवर सांडलेलंही लगेच धुवा.

कूलंट भरल्यावर हवा काढायची राहते, हीही नेहमीची गफलत. गार इंजिनात कूलंट भरा, झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत राहा. रंग पाहून कूलंट मिसळू नका, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या. पाणी मिसळूनच तयार मिळणाऱ्या कूलंटमध्ये आणखी पाणी घालायचं नसतं.

बुडबुडे थांबतच नसतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सील करणारी चकती, गेलंय. मग गाडी सुरूच करू नका, ओढून न्या. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट चिकटा दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत ओल धरते.

माझी गाडी गावात कधीच तापली नव्हती, फक्त घाटात. तरीही एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढायलाच सांगितला. शेवटी घरीच पुढचा बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वाळलेलं गवत, किडे आणि चिखल ठासून बसलेला. बागेच्या साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूने पुढे, बेताच्या धारेने धुतला. प्रेशरचा फवारा मारला असता तर पातळ पात्या वाकल्या असत्या. पाऊण तास काळं पाणी येत होतं.