व्ह्यूफाइंडरमधे काळे ठिपके दिसतायत? कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी हे वाचा

सिंहस्थाच्या कामांमुळे नाशकात सध्या जिकडे बघाल तिकडे रस्ते खणलेले आहेत, धुळीचं तर विचारूच नका, आणि ओळखीत ज्यांच्याकडे म्हणून डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे त्यांचा एकच प्रश्न येतोय की डोळा लावला की काळे ठिपके दिसतात, एकाला तर आख्खा केस आडवा पडलेला दिसतो, आता काय करायचं? तर सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की व्ह्यूफाइंडरमधे (डोळा लावून बघायच्या खिडकीत) दिसणारी धूळ फोटोत येत नाही. आणि जी फोटोत येते ती व्ह्यूफाइंडरमधे दिसत नाही. हे एवढं कळलं की निम्मी घाबरगुंडी तिथेच संपते.

असं का होतं ते सांगतो. लेन्समधून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर पडतो, तिथून वर फोकसिंग स्क्रीनवर (चित्र जिच्यावर उमटतं त्या दुधी पट्टीवर) जातो, त्याच्या वर प्रिझम असतो (स्वस्त बॉडीत प्रिझमच्या जागी छोटे आरसे असतात) आणि तिथून तुमच्या डोळ्यात. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि उजेड सरळ मागे फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर जातो. म्हणजे स्क्रीन, प्रिझम, आयपीस (डोळा लावायची काच) या सगळ्या वाटेवर फोटोचा उजेड जातच नाही, मग तिथला कचरा फोटोत येणार कुठून?

आता ठिपका नक्की कुठे आहे ते शोधायचं, आणि त्यासाठी काही उघडायची गरज नाही. आधी डोळा थोडा इकडे तिकडे हलवून बघा. डाग डोळ्याबरोबर सरकल्यासारखा वाटला, धुरकट असला तर तो आयपीसच्या काचेवर आहे, बहुतेक वेळा पापणीचं तेल नाहीतर घाम असतो, रबरी आयकप काढायचा आणि मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसायचं, विषय संपला. नाही हलला तर दुसरी लेन्स लावून बघा, ठिपका तिथल्या तिथेच राहिला म्हणजे लेन्सचा काही संबंध नाही. ठिपका एकदम काळा आणि चित्राइतकाच रेखीव दिसत असेल तर तो फोकसिंग स्क्रीनवर आहे, कारण चित्र उमटतं त्याच स्क्रीनवर, त्यामुळे तिथे बारीकशी तूस पडली तरी ती टोकदार दिसते. आरशावरची धूळ मात्र फोकसमधे नसते त्यामुळे ती बहुतेक दिसतच नाही, लेन्स काढल्यावर आरसा धुळकट दिसला म्हणून लगेच पुसायला घेऊ नका.

अजून एक, निकॉनच्या बऱ्याच बॉडीत बॅटरी काढली की व्ह्यूफाइंडर मळकट आणि अंधारा दिसतो, ती धूळ नाही, आतली डिस्प्लेची पट्टी पॉवर नसली की तशी होते. बॅटरी घातली की परत स्वच्छ.

आतलं साफ करायची पद्धत एकच, हवा. रबरी ब्लोअर घ्या, चांगला मोठा, दाबला की जोरात हवा येणारा. पंखा बंद करा, खोलीत नुकतंच झाडलेलं नको, लादी पुसून थोडा वेळ गेलेला असेल तर उत्तम. कॅमेरा बंद करा. ब्लोअर आधी बाजूला धरून चारपाच वेळा दाबा म्हणजे त्याच्याच पोटातली धूळ निघून जाईल, हे कोणी करत नाही आणि मग म्हणतात ठिपके वाढले. मग लेन्स काढून बॉडीचं तोंड जमिनीकडे करायचं आणि खालून वर, आरशाच्या वरच्या अंगाला जी दुधी काचेसारखी चौकोनी पट्टी दिसते तिच्यावर हवा मारायची. तीच फोकसिंग स्क्रीन. ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत घालू नका, बाहेरूनच. आठदहा वेळा दाबा, लेन्स लावा, खिडकीतून कोऱ्या आभाळाकडे बघा. जे सुटायचं ते पहिल्या दोन फेऱ्यांत सुटतं. त्यानंतरही राहिलं तर बहुतेक स्क्रीनच्या वरच्या बाजूला किंवा प्रिझमच्या आत आहे, तिथे तुमची हवा पोचणारच नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की मग ते सोडून द्या. आठवड्याभरात नजरेला सवय होते.

कारण खरं नुकसान धुळीने होत नाही, पुसण्याने होतं. फोकसिंग स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते आणि तिच्यावर अतिशय बारीक खरखरीत पोत असतो, कापड लावलं तरी ओरखडा उठतो. एका मित्राने कानातला बड स्पिरिटमधे बुडवून फिरवला होता, त्याची बॉडी मी उजेडाकडे धरून बघितली तर मूळचा ठिपका जागेवर होताच आणि शेजारी कोयरीसारखा वळलेला चमकदार पट्टा, आभाळाचा फोटो काढताना आता तो पट्टाच आधी दिसतो. आरशाचंही तेच, घरातल्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो पण कॅमेऱ्याच्या आरशाचा थर पुढच्या बाजूला उघडा असतो, बोट लागलं तर ठसा आणि घासलं तर थरच निघतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. कॉम्प्रेस्ड एअरचा डबाही नको, तिरका झाला की आतलं गार द्रव बाहेर येतं आणि डाग पडतो. कॅनन ६डी सारख्या काही बॉडीत स्क्रीन काढता येते, पण तिच्यासोबत काही वेळा पातळ पट्ट्या असतात, त्या इकडच्या तिकडे झाल्या तर व्ह्यूफाइंडरमधला फोकस चुकीचा दिसायला लागतो, म्हणून माहिती नसेल तर नादी लागू नका.

आता फोटोत डाग येतोय का ते वेगळं तपासायचं. आयएसओ १००, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड यायचं भोक) बारीक, म्हणजे एफ १६ किंवा एफ २२, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवायचा आणि कोऱ्या आभाळाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, कॅमेरा हलला तरी चालेल. राखाडी गोल डाग दिसले तर ते सेन्सरच्या पुढच्या फिल्टरवरचे. एफ २.८ ला, म्हणजे भोक मोठं असताना, हेच डाग विरघळून जातात म्हणून पोर्ट्रेट काढणाऱ्यांना वर्षभर पत्ता लागत नाही आणि ब्रह्मगिरीचा नाहीतर अंजनेरीचा लँडस्केप काढला की आभाळभर पुरळ. फोटोत डाग वर डावीकडे असेल तर समोरून बघताना सेन्सरवर तो खाली डावीकडे असतो, डावं उजवं तेच राहतं, फक्त वरचं खाली होतं. हे डाग काढायला मेनूत सेन्सर क्लीनिंगसाठी आरसा वर लॉक करायचा पर्याय असतो, तो वापरा, बॅटरी फुल्ल पाहिजे, कारण मधेच पॉवर गेली तर आरसा आणि शटर खाली येतात. इथेही फक्त हवा. बल्ब मोडमधे (बटण दाबलेलं असेपर्यंतच शटर उघडं राहतं तो मोड) शटर उघडं ठेवून अजिबात करू नका.

मिररलेसवाल्यांना स्क्रीनही नाही आणि आरसाही नाही, तरी ईव्हीएफमधे (त्यांच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधे) ठिपका दिसू शकतो, तो आतल्या छोट्या डिस्प्लेवर नाहीतर भिंगाच्या मागे असतो आणि फोटोत येत नाही. पण आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात एक धोका मोठा आहे, आयपीस सूर्याकडे तोंड करून कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा घाटावर पायरीवर ठेवला तर भिंगातून ऊन एकवटून डिस्प्ले जळतो. तो डाग कशानेही जात नाही.

धूळ आत जाते ती मुख्यतः लेन्स बदलताना. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाता तेव्हा कच्च्या रस्त्यावर गाडी थांबल्या थांबल्या लेन्स बदलू नका, मागून आलेली धूळ बसू दे, काचा वर करून गाडीतच बदला, बॉडीचं तोंड खाली, दुसरी लेन्स हाताशी तयार. लेन्सच्या मागच्या झाकणात साचलेली धूळही तिथूनच आत जाते, ती झाकणं महिन्यातून एकदा धुवून पूर्ण कोरडी करत जा. रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाजवळ) जाणार असाल तर घरूनच एक झूम लावून निघा आणि दिवसभर माउंट उघडायचाच नाही, लेन्स आणि बॉडीच्या सांध्यावर कागदी टेप गुंडाळा. कोरडा रंग खूप बारीक असतो आणि ओल लागली की चिकटतो, मग ब्लोअर हरतो.

आणि सर्व्हिसला द्यायचाच झाला तर काउंटरवर नीट सांगा, सेन्सर क्लीनिंग आणि व्ह्यूफाइंडर खोलून साफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसऱ्यात बॉडी वरून उघडावी लागते म्हणून खर्च जास्त आणि जुन्या बॉडीला तो परवडतोच असं नाही. पावतीवर कुठलं काम ते लिहून घ्या, आणि देण्याआधी आयपीसला मोबाईल लावून ठिपक्यांचा एक फोटो काढून ठेवा, परत घेताना तिथेच उभं राहून ताडून बघा.