लिनक्स अपग्रेडनंतर साइट उघडत नाहीत? डीएनएस असं तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा टेम्पो हैदराबादसाठी भरून उभा आहे, ई-वे बिल काढायचंय आणि रात्री अपग्रेड केलेल्या लिनक्सवर एकही साइट उघडत नाही. अशा वेळी राउटर रीसेट करू नका, सिस्टमही नव्याने टाकू नका. मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वायफायवर साइट उघडते का बघा. उघडली तर लाइन ठीक आहे. बिल मोबाइलवरून काढून गाडी सोडा आणि मग निवांत कॉम्प्युटरसमोर बसा.

टर्मिनल उघडून 'पिंग ८.८.८.८' द्या; हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता. (कमांड आणि आकडे अर्थातच इंग्रजीत, लहान अक्षरांत.) थांबवायला कंट्रोल-सी. मग पिंगला आकड्याऐवजी एखाद्या साइटचं नाव द्या. आकड्याला उत्तर येतं, पण नावाला 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' असं दिसतं, तर बिघाड डीएनएसचाच, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता (आयपी) शोधणाऱ्या यंत्रणेचा. आकड्यालाही उत्तर नसेल तर आधी केबल आणि वायफाय बघा, पुढचं काही करू नका.

आता 'एलएस -एल /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ'. फाइलच्या नावात रिझॉल्व्हच्या शेवटी 'ई' नसतो, तिथे हमखास चूक होते. उबुंटूत ही खरी फाइल नसून रन फोल्डरमधल्या 'स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ'ची लिंक असते. फाइल 'कॅट'ने वाचली तर आत 'नेमसर्व्हर १२७.०.०.५३' दिसेल. हा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा. तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड ही सर्व्हिस बसलेली असते. ती नाव घेते, बाहेरच्या सर्व्हरला विचारते आणि आयपी आणून देते. सर्व्हिसच बंद असेल तर विचारलेलं कुणाच्या कानावरच जात नाही.

म्हणून 'सिस्टमसीटीएल स्टेटस सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड' द्या. 'इनॲक्टिव्ह' दिसलं तर 'सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाउ सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड'. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

सर्व्हिस सापडतच नाही असं उत्तर आलं तर पॅकेजच नाही. डेबियन ११ वरून १२ वर गेलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ही सर्व्हिस वेगळ्या पॅकेजात गेली. आधी ती वापरत असाल तर अपग्रेडनंतर स्वतः टाकावी लागते. पण पॅकेज उतरवायलाही डीएनएस लागतं! त्यासाठी '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही लिंक 'सुडो आरएम'ने काढा, त्याच नावाची फाइल 'सुडो नॅनो'ने उघडा, 'नेमसर्व्हर १.१.१.१' ही एकच ओळ लिहून सेव्ह करा. मग 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड'. पुढे पॅकेज ती फाइल आपणहून ताब्यात घेतं.

हाताने लिहिलेली ओळ कायम ठेवून फाइलला कुलूप लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझं स्पष्ट मत आहे, तसं करू नका. ऑफिसातल्या सर्व्हरची आतली नावं बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात आणि पुढच्या अपग्रेडला हेच कुलूप आडवं येतं.

सर्व्हिस चालू असूनही नावं सापडत नसतील तर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' द्या. तुमच्या वायफायखाली डीएनएस सर्व्हरची ओळच नसेल, किंवा जुन्या व्हीपीएनचा पत्ता असेल, तर नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएस ऑटोमॅटिक करा आणि वायफाय तोडून पुन्हा जोडा. नंतर 'रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी' आणि साइटचं नाव. नावापुढे आयपी आला की ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.