कॅम्पर व्हॅनच्या किचनसाठी आटोपशीर भांडी कशी निवडायची

व्हॅनच्या किचनसाठी भांडी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी सेट बघायला लागतात, दहा-बारा तुकड्यांचा, एकात एक बसणारा, फोटोत एकदम भारी दिसणारा. मी म्हणेन सेट बाजूला ठेवा आणि आधी मोजायची टेप घ्या, कारण व्हॅनमध्ये भांडं कुठलं घ्यायचं हे तुमचा कप्पा आणि तुमची शेगडी ठरवते. या दोन गोष्टी नक्की झाल्या की पर्याय आपोआप कमी होतात आणि निवड सोपी जाते.

कप्पा मोजताना आतून मोजा. बाहेरून ४५ सेंमी दिसणारा ड्रॉवर आतून बराच कमी भरतो, फळीची जाडी जाते, रेलची जागा जाते. आणि उंची मोजायला विसरू नका, जागा बहुतेक वेळा उंचीतच कमी पडते. २० सेंमी व्यासाचं आणि १० सेंमी उंचीचं सरळ भिंतींचं पातेलं काठोकाठ साधारण ३ लिटर धरतं, म्हणजे दोन माणसांना भरपूर झालं, पण त्यावर झाकण आलं, झाकणाची मूठ आली, की तेच १४-१५ सेंमी उंच होतं. पॅनचं तर विचारूच नका, २४ सेंमीचा पॅन दांड्यासकट ४२-४५ सेंमी लांब असतो आणि तो दांडाच सगळी जागा खातो. ऑनलाइन घेत असाल तर पुठ्ठ्यातून त्या मापाचा गोल कापा, दांडा पण कापा, आणि कप्प्यात ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, नंतरची परत पाठवायची कटकट वाचते.

आता शेगडी. गॅसची दोन बर्नरवाली असेल तर दोन्ही बर्नरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. जी दोन भांडी एकाच वेळी ठेवणार त्यांच्या व्यासांची बेरीज करून निम्मी करा, तो आकडा या अंतरापेक्षा कमी आला पाहिजे. समजा अंतर २२ सेंमी आहे, तर २४ चा पॅन आणि १८ चं पातेलं (बेरीज ४२, निम्मे २१) जेमतेम बसतील, पण २४ ची दोन बसणारच नाहीत, मग दोन बर्नर असून उपयोग काय. भिंत जवळ असेल तर तिकडचं पण अंतर बघा, व्हॅनची आतली फळी आचेने काळी पडायला वेळ लागत नाही.

ज्या पोर्टेबल शेगडीत गॅसची कॅन शेजारीच बसते तिच्यावर फार रुंद भांडं किंवा मोठी ग्रिल प्लेट ठेवायची नाही, म्हणजे नाहीच. भांडं कॅनच्या डोक्यावर आलं की खालची उष्णता परतून कॅनवर जाते, आतला दाब वाढतो आणि कॅन फुटू शकते. शेगडीच्या माहितीपत्रकात भांड्याचा जास्तीत जास्त व्यास दिलेला असतो, तो बघूनच भांडं घ्या. थंडीत फिरणार असाल तर हे पण लक्षात ठेवा की कॅनमधला ब्युटेन गॅस शून्याच्या आसपास (-०.५ अंशाला) वायू व्हायचं थांबतो, प्रोपेन मात्र -४२ पर्यंत चालतो. थंडीत अशी आच मंदावली की पातळ, शेगडीच्या मापात बसेल एवढं रुंद बुडाचं आणि झाकण लागणारं भांडं बरंच सावरून घेतं.

इंडक्शन असेल तर लोहचुंबक घेऊन दुकानात जा. बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल, नुसता अडखळत धरला तर तापेल पण नीट नाही. साधं अॅल्युमिनियम, तांबं, टायटॅनियम चालत नाही, बुडाला चुंबकीय चकती बसवलेली असली तरच. शिवाय १२ सेंमीपेक्षा लहान बूड बऱ्याच इंडक्शनना ओळखताच येत नाही, त्यामुळे छोटंसं कॉफीचं भांडं घेताना हे आधी तपासा. आणि बॅटरीचा हिशोब करा ना, १८०० वॅटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत १५० अँपिअरपेक्षा जास्त ओढतं. १ लिटर पाणी २० अंशापासून उकळायला किमान ९३ वॅट-तास लागतात, गळती धरून ११० च्या आसपास. १०० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे एकूण १२०० वॅट-तास, आणि लेड-अॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरलेले बरे. म्हणून इंडक्शनवाल्यांनी भांड्याचं बूड एकदम सपाट आणि झाकण नीट बसणारं आहे ना हे आधी बघावं, दिसण्याचं नंतर.

धातू कुठला

यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण व्हॅनपुरतं बघितलं तर चित्र बरंच स्पष्ट आहे. स्टेनलेस स्टील टिकतं, घासता येतं, वास धरत नाही, पण उष्णता पसरवायला अगदी वाईट. अॅल्युमिनियम त्याच्यापेक्षा साधारण १५ पट चांगली उष्णता वाहून नेतं आणि वजनाला साधारण एक तृतीयांश असतं. म्हणून पातेलं घेताना बुडात अॅल्युमिनियमचा थर दाबून बसवलेलं स्टेनलेस घ्या, दोघांचे गुण मिळतात. एकेरी पातळ स्टीलचं स्वस्त पातेलं छोट्या बर्नरवर मधोमध गोल जाळतं आणि ते जळकं खरवडायला जेवढं पाणी जातं तेवढ्यात दोन जेवणांची भांडी धुऊन होतात.

टायटॅनियमचं कौतुक खूप ऐकाल. ते पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांसाठी आहे. पातळ पत्रा, त्यात उष्णता पसरत नाही, पाणी उकळायला ठीक पण ढवळत बसायचं काही शिजवलं की लागतं. व्हॅनमध्ये ते शे-दोनशे ग्रॅम वाचवून काही फरक पडत नाही, पैसे दुसरीकडे लावा.

बिडाचा तवा मला मनापासून आवडतो, त्यावरचं भाजणं वेगळंच असतं, पण व्हॅनमध्ये मी सहसा कोणाला सुचवणार नाही. वजन भरपूर, तापायला गॅस खातो, आणि बंद दमट कप्प्यात गंज चढतो. त्याच्याऐवजी कार्बन स्टीलचा पॅन बघा, सीझनिंग (तेल लावून तापवून थर बसवणं) बिडासारखंच करायचं, वजन कमी, पटकन तापतो. तोही गंजतो, पुसून, कोरडा करून, तेलाचं बोट फिरवून ठेवावा लागतो, रोज तेवढं करायची तयारी असेल तरच घ्या.

नॉनस्टिक बद्दल: पाणी कमी लागतं हा व्हॅनमध्ये फार मोठा फायदा आहे, अंडं केलं, कागदाने पुसलं, झालं. हार्ड अॅनोडाइज्ड (वरचा थर कडक केलेल्या) अॅल्युमिनियमवर नॉनस्टिक असलेला पॅन हलका पण असतो. फक्त रिकामा तापत ठेवू नका. पीटीएफई (टेफ्लॉन) या नॉनस्टिक थराचं कोटिंग साधारण २६० अंशाच्या वर खराब व्हायला लागतं, आणखी तापलं की त्याचा धूर माणसाला तापासारखं आजारपण देऊ शकतो आणि पाळीव पक्ष्यांसाठी तर जीवघेणा असतो, आणि व्हॅन म्हणजे किती छोटी जागा हे तुम्हाला माहीतच आहे. मोठी आच, रिकामा पातळ पॅन, तिथे पोचायला काही मिनिटंच लागतात.

मग नक्की किती आणि काय

दोघांसाठी माझं उत्तर तीन भांडी. एक २० सेंमीचं ३ लिटरचं पातेलं, एक १६ किंवा १८ सेंमीचं दीड-दोन लिटरचं जे पहिल्याच्या आत बसतं, आणि एक २४ सेंमीचा खोल पॅन ज्याच्या कडा ६-७ सेंमी उंच आहेत. हा खोल पॅनच सगळ्यात जास्त वापरला जातो: परतायचं, थोडा रस्सा असलेलं काही करायचं, पास्ता त्यातच शिजवायचा, सगळं. सपाट कमी कडांचा पॅन व्हॅनमध्ये त्रास देतो कारण गाडी नेहमी सपाट जागेवर उभी नसते, उतारावर तेल एका बाजूला आणि शिंतोडे गादीवर. एकटे असाल तर मोठं पातेलं सोडा. चौघं असाल तर तिन्ही मापं एकेक घर वाढवा, भांड्यांची संख्या वाढवू नका.

वेगळी केटल नको. लहान पातेल्याला ओतायला चोच आणि आतून मापाच्या रेषा असतील तर केटल पण झाली आणि मापाचा कप पण.

भिंती सरळ असाव्यात, वर पसरट होत जाणाऱ्या नकोत. आणि काढता येणारा दांडा घ्या, एकच दांडा तिन्ही भांड्यांना. या एका गोष्टीने जागा सगळ्यात जास्त वाचते. पण दांडा घेताना घाई करू नका. भांडं पाण्याने काठोकाठ भरा, दांडा लावा, उचला, तिरकं करा, हलवून बघा. खाच सैल वाटली, कुलूप नीट बसल्याचा आवाज आला नाही, तर सेट कितीही आवडला असला तरी सोडून द्या, छोट्या जागेत उकळतं पाणी सांडलं तर मागे सरकायला जागा नसते. शिजताना दांडा काढून ठेवायचा, जाताना-येताना कोपर लागत नाही. दांडा हरवला तर काम अडू नये म्हणून एक साधी सांडशी जवळ असू द्या.

झाकणाकडे लोक शेवटी बघतात, मी म्हणेन ते आधी बघा. शिजताना निघणारी वाफ व्हॅनमध्येच राहते. १० घनमीटर आतली जागा असलेल्या व्हॅनमधली हवा २० अंशाला जास्तीत जास्त साधारण १७० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. म्हणजे पाऊण कप! त्यातलं बरंचसं तुमच्या श्वासाने आधीच भरलेलं असतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात काही वेळ उकळत ठेवलं की खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागतं आणि मग गाद्या ओलसर, फळ्यांना बुरशी. झाकण ठेवा, खिडकी उघडी ठेवा, छताचा पंखा असेल तर लावा. गॅस असेल तर खिडकी तशीही उघडीच हवी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म व्हॅनमध्ये असलाच पाहिजे आणि शेगडी गरम राहायला म्हणून कधीच लावायची नाही. झाकण शक्यतो धातूचं, मूठ सपाट किंवा दुमडणारी, म्हणजे उलटं ठेवलं की रचता येतं. पायऱ्या पायऱ्यांचं एकच झाकण १६ पासून २० पर्यंत बसतं असं मिळतं, घट्ट बसत नाही पण जागेचा विचार केला तर परवडतं.

प्रेशर कुकर घ्यायचा का? कडधान्य, बीन्स आठवड्यातून दोन-तीनदा खात असाल, किंवा डोंगरात जाणार असाल, तर २-३ लिटरचा छोटा जरूर घ्या आणि मग मोठं पातेलं घेऊ नका, कुकरच पातेलं म्हणून वापरा. ३००० मीटर उंचीवर पाणी ९० अंशाच्या आसपासच उकळतं, तिथे बीन्स शिजायची वाट बघण्यात गॅस संपतो. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, फुगणारं किंवा फेस येणारं असेल तर निम्माच. बाकीच्यांनी कुकर सोडला तरी चालेल. तांदूळ किंवा सूप उकळी आणून, झाकण लावून, बर्नरवरून उतरवून जाड टॉवेलात गुंडाळून ठेवलं तर पुढचं शिजणं तसंच होतं, गॅस बंद. फक्त भांडं भरलेलं हवं, अर्धवट भरलेलं लवकर गार होतं, आणि ६० अंशाच्या खाली गेलेलं अन्न तासन् तास तसंच ठेवायचं नाही.

सिलिकॉनची घडी होणारी भांडी: चाळणी म्हणून, पाणी घ्यायचं तसराळं म्हणून उत्तम. चुलीवरची धातूच्या बुडाची पण मिळतात, पण आच बुडाच्या बाहेर आली की भिंत जळते, आणि परतण्यासाठी ती नाहीतच. त्यांनी वाचवलेली जागा मला तेवढ्या मोलाची वाटत नाही.

रचताना प्रत्येक दोन भांड्यांत एक फडकं घाला, नॉनस्टिकवर चरे पडत नाहीत आणि गाडी चालताना खडखडाट होत नाही. जड भांडं खाली, जमिनीलगतच्या बंद होणाऱ्या कप्प्यात. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी सांगत नाही, ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागीच थांबली तर आतलं सुटं भांडं १४ मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने पुढे येतं, आणि पुढे तुम्ही बसलेले असता. डोक्यावरच्या कप्प्यात प्लास्टिकचे डबे ठेवा, पातेली नाहीत. ड्रॉवरला कुलूप किंवा दाबून बसणारी कडी हवीच.

सगळं घेऊन झालं की निघायच्या आधी आठवडाभर घरीच याच भांड्यांवर स्वयंपाक करा, एका बर्नरवर, आणि धुवायला दिवसाला ठरवून पाच लिटरच पाणी घ्या. जे भांडं आठवड्यात एकदाही बाहेर आलं नाही ते व्हॅनमध्ये चढवू नका, आणि ज्याच्यासाठी रोज घरच्या कपाटाकडे हात गेला ते लिहून ठेवून मगच विकत घ्या.